लाइन कोर्टं: सोव्हिएत रेल्वे आणि जहाजांवरच्या लोकांसाठीची वेगळी न्यायालयं

सायडिंग (धागाकर्ता)

स्टालिनच्या काळातली न्यायव्यवस्था म्हटलं की आपल्याकडची चर्चा फिरून फिरून मॉस्कोच्या त्या तीन गाजलेल्या खटल्यांवर येते. बुखारिन, झिनोव्हिएव्ह, कबुलीजबाब, सरकारी अभियोक्ता विशिन्स्कीची भाषणं. पण त्याच काळात उरलमधल्या एखाद्या आडगावच्या स्टेशनात सांधा चुकवलेल्या पॉइंट्समनचा (गाडीची लाइन बदलणाऱ्या सांधेवाल्याचा) खटला कुठे चालायचा? गावातल्या साध्या कोर्टात नाही. त्याच्यासाठी रेल्वेच्या त्या लाइनीपुरतं स्वतंत्र कोर्ट होतं. बोटीवरच्या लोकांसाठी तसंच दुसरं. मध्ये युद्धाची चार-पाच वर्षं सोडली तर पाव शतक ही कोर्टं चालली. मराठीत त्यांच्याबद्दल माझ्या तरी वाचनात काही आलेलं नाही, म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट. ही कामगार न्यायालयं नव्हेत. पगार थकला, बढती नाकारली, अशी तक्रार घेऊन इथे जाता येत नसे. ती भांडणं कारखान्यातल्या तंटा समितीकडे आणि तिथून साध्या लोकन्यायालयात जायची. लाइन कोर्टं सरळसरळ फौजदारी. कामगार तिथे यायचा तो आरोपी म्हणून.

मुळं यादवी युद्धातली आहेत. १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीला चार दिवस होतात न होतात तोच रेल्वे युनियनच्या कार्यकारिणीने, म्हणजे 'विक्झेल'ने, बोल्शेव्हिकांना दम भरला: सगळ्या समाजवादी पक्षांचं मिळून सरकार बनवा, नाहीतर गाड्या बंद. नव्या सत्ताधाऱ्यांना वाटाघाटींना बसावं लागलं. ही गोष्ट ते विसरले नाहीत. ऑगस्ट १९१८ मध्ये 'चेका'चा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, खास वाहतूक विभाग निघाला, नोव्हेंबरात रेल्वेवर लष्करी कायदा आला, आणि १८ मार्च १९२० च्या हुकमाने रेल्वेची क्रांतिकारी लष्करी न्यायाधिकरणं स्थापन झाली. त्याच महिन्यात वाहतूक खातं ट्रॉट्स्कीकडे गेलं. वर्षभराने ते झेर्झिन्स्कीकडे आलं, जो चेकाचाच प्रमुख. म्हणजे पोलीसखातं आणि रेल्वेखातं एकाच माणसाच्या हाती. पुढे 'नेप'चा, म्हणजे नव्या आर्थिक धोरणाचा, मोकळा काळ आला, लष्करी थाट कमी झाला आणि १९२३ मध्ये ही न्यायाधिकरणं गुंडाळली गेली.

मग सात वर्षं वेगळं कोर्ट नव्हतं. रेल्वेवाल्यांचे गुन्हे सगळ्यांसारखेच साध्या कोर्टात.

१९३० मध्ये पुन्हा गरज का पडली, ते आकड्यांत दिसतं. १९२८ मध्ये सोव्हिएत रेल्वेने सुमारे १५.६ कोटी टन माल वाहिला. १९३२ मध्ये २६.८ कोटी. १९३७ मध्ये ५१.७ कोटी. नऊ वर्षांत तिप्पट-सव्वातिप्पट. आणि रूळ? ७७ हजार किलोमीटरवरून ८५ हजारांच्या आसपास, म्हणजे जेमतेम दहा टक्के वाढ. पैसा पोलाद कारखान्यांत आणि धरणांत चालला होता. रेल्वेने जुन्याच रुळांवर, जुन्याच डब्यांनी, नव्या हातांनी तिप्पट माल ओढायचा होता. गाड्या रुळांवरून घसरू लागल्या, एकमेकींवर आदळू लागल्या, कोळसा खाणीच्या तोंडाशी पडून राहू लागला.

यावर जो उपाय निघाला तो २७ नोव्हेंबर १९३० चा हुकूम: रेल्वे लाइन कोर्टं. दोनच महिन्यांनी, २३ जानेवारी १९३१ ला, वाहतुकीची घडी बिघडवणाऱ्या गुन्ह्यांसाठी नवा कायदा. मग ७ ऑगस्ट १९३२ चा तो कुप्रसिद्ध चोरीचा कायदा. तो आपल्याला शेतातली कणसं वेचणाऱ्यांमुळे माहीत असतो, पण त्याचा पहिलाच भाग रेल्वे आणि जहाजांवरच्या मालाबद्दल आहे. वाघिणीतला, म्हणजे मालडब्यातला, माल चोरला तर गोळी, आणि सौम्य परिस्थिती असेल तर कमीत कमी दहा वर्षं. १९३४ मध्ये जलवाहतुकीसाठीही तशीच कोर्टं आली. १६ ऑगस्ट १९३८ च्या न्यायव्यवस्था कायद्यात तर लष्करी न्यायाधिकरणं, रेल्वे लाइन कोर्टं आणि जलवाहतूक लाइन कोर्टं ही तिन्ही 'विशेष न्यायालयं' म्हणून एका ओळीत बसवली आहेत. सर्वोच्च न्यायालयाची पाच मंडळं होती: दिवाणी, फौजदारी, लष्करी, रेल्वे आणि जलवाहतूक. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांतली दोन मंडळं गाड्या आणि बोटींसाठी! यावरून सरकारचा जीव कुठे अडकला होता ते कळतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. लाइन कोर्टाकडे अन्यायाचं यंत्र म्हणून पाहणं सोपं आहे, आणि ते बव्हंशी खरंही आहे. पण ते खालच्या माणसाचं कोर्ट होतं. सांधेवाला, फायरमन, ड्रायव्हर, वाघिणी तपासणारा, गोदामातला कारकून हे त्याचे आरोपी. वरच्या इंजिनिअरांना आणि विभागप्रमुखांना हे कोर्टही मिळालं नाही. त्यांची विल्हेवाट दुसरीकडे लागत होती. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच टाळला जात होता: तिप्पट मालाचं गणित कोणी मांडलं?

जाणकारांनी भर घालावी.

फलाट_क्र_सहा

वाखूसा (वाचनखूण साठवली). न्यायाधीश कोण असायचे? रेल्वेचेच अधिकारी का? तसं असेल तर आपल्याच साहेबापुढे आपलाच खटला.

सायडिंग

@फलाट, रेल्वेचे अधिकारी नव्हेत. रचना साध्या सोव्हिएत कोर्टासारखीच: एक न्यायाधीश आणि लोकांमधून घेतलेले दोन सहन्यायाधीश. हे सहन्यायाधीश वाहतूक कामगारांतूनच घेत. कागदावर बरं दिसतं, की बाबा ड्रायव्हरचं दुःख ड्रायव्हरला कळेल. पण तपास राजकीय पोलिसांच्या वाहतूक विभागाचा, खटला चालवणारा वकील खास वाहतूक अभियोक्ता, आणि वरून पक्षाची मोहीम. अशा वेळी त्या दोघांनी काय करावं?

शिवाय ही कोर्टं एका जागी बसून राहत नसत. फिरतं सत्र घ्यायचे. ज्या लोको शेडमध्ये किंवा स्टेशनात गुन्हा घडला तिथल्याच क्लबाच्या हॉलमध्ये टेबल मांडायचं, पाळी संपलेल्या लोकांना बसवायचं आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच सहकाऱ्याला शिक्षा सुनवायची. बघणाऱ्यांनी धडा घ्यावा हाच हेतू.

वेगळ्या कोर्टाच्या बाजूने एक खरा मुद्दाही होता, तो नोंदवून ठेवतो. लाइन अनेक प्रांतांतून जाते. माल एका प्रांतात चढला, दुसऱ्यात चोरीला गेला, तिसऱ्यात पंचनामा. कुठल्या गावच्या कोर्टाने बघायचं? लाइनीगणिक कोर्ट ठेवलं की हा घोळ मिटतो.

उलटतपासणी

चांगला धागा. वकिलीच्या सवयीने मी मूळ कलमाकडे गेलो. रशियन फौजदारी संहितेतलं ५९ वं कलम, त्याचं तिसरं पोटकलम, त्याला १९३१ मध्ये जोडलेला भाग. वाहतूक कामगाराने कामाची शिस्त मोडली, म्हणजे गाडी चालवण्याचे नियम मोडले, डबे किंवा रूळ नीट दुरुस्त केले नाहीत, आणि त्यामुळे नुकसान झालं "किंवा होऊ शकलं असतं", तर दहा वर्षांपर्यंत कैद. द्वेषबुद्धीने केलं असेल तर गोळी आणि मालमत्ता जप्त.

ते "होऊ शकलं असतं" नीट वाचा. अपघात व्हायलाच हवा असं नाही.

आणि नुकसान म्हणजे काय, याची यादी तर बघण्यासारखी आहे. डबे-रूळ मोडणं आणि माणसं मरणं हे आहेच. पण गाडी वेळेवर न सुटणं, उतरवणीच्या जागी रिकाम्या वाघिणी साचणं, वाघिणी किंवा बोटी नुसत्या उभ्या राहणं, आणि सरकारने ठरवलेली वाहतुकीची योजना फसेल असं काहीही. योजना फसणं हा फौजदारी गुन्हा! सकाळी हमाल आले नाहीत म्हणून चाळीस वाघिणी उभ्या राहिल्या, तर यार्डातल्या कारकुनाला या कलमात बसवता येतं. हे कायद्यातलं भोक म्हणू नका. ते मुद्दाम एवढं रुंद ठेवलेलं दार आहे.

रिटायर्ड_केबिन

मी आयुष्यभर रेल्वेत काढलं, बरीच वर्षं सिग्नल केबिनमध्ये. कायद्याचं मला कळत नाही, पण वरचा पॉइंट्समनचा उल्लेख वाचून लिहायला बसलो.

सांधा चुकतो म्हणजे काय होतं, हे बाहेरच्याला कळत नाही. हाताने फिरवायचा पॉइंट. स्टेशन मास्तर सांगतो अमुक लाइनीला घे. लिव्हर ओढायचा, जिभेचा रूळ शेजारच्या मोठ्या रुळाला घट्ट टेकला का हे वाकून बघायचं, मग कुलूप, मग दिवा दाखवायचा. आमच्याकडे त्या दोन रुळांत पाच मिलिमीटरचा अडथळा राहिला तरी पॉइंट लॉक होता कामा नये, अशी चाचणी असते. आता तिथे उणे तीस अंशांतली रात्र धरा. फटीत बर्फ दाबून बसतो. तो झाडूने आणि खुरप्याने काढायचा, आणि पुढची गाडी येईस्तोवर तो पुन्हा भरतो. रॉकेलचा कंदील. पाळी बारा तासांची, बदली आला नाही तर त्याहून लांब. गाड्या दुप्पट झालेल्या. अशात एक जीभ दोन बोटं उघडी राहिली आणि चाक आत गेलं, की संपलं. पुढचे डबे एका लाइनीला, मागचे दुसऱ्या.

यात गुन्हेगार कोण? खाली वाकलेला तो माणूस सगळ्यांना दिसतो. पॉइंट तापवायची सोय न करणारा, इंटरलॉकिंगचे (पॉइंट चुकीचा असताना सिग्नल मिळू न देणाऱ्या यंत्रणेचे) पैसे कापणारा, मंजूर जागा न भरणारा, हे कोणी जागेवर नसतात.

आपल्याकडे मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशीला येतात. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या आहेत. चौकशी करणाऱ्यावर रेल्वे बोर्डाचा दाब नको म्हणून. आमच्यातही बळी खालचाच जातो बऱ्याचदा, नाही असं नाही. पण निदान अहवालात सिग्नलच्या देखभालीबद्दल चार ओळी येतात.

लाल_कंदील

नेहमीप्रमाणे एकतर्फी चित्र. दोन गोष्टी विसरू नका.

एक, १९३१ ते ३४ मध्ये रेल्वेची खरोखर वाट लागली होती. कागानोविच २८ फेब्रुवारी १९३५ ला रेल्वे कमिसार, म्हणजे मंत्री झाला आणि १९ मार्चला त्याने अपघातांविरुद्धचा हुकूम काढला. त्यातच १९३४ सालचे सुमारे ६२,००० अपघात नोंदवलेत. लहानमोठे सगळे धरून, पण ६२,०००! रोजचे १७०. हे चालू द्यायचं होतं का? त्याने कारभार सुधारला, वाहतूक वाढली, हे विरोधकही मान्य करतात.

दोन, १९४१. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत दीड हजारांवर कारखाने पश्चिमेकडून उचलून उरल आणि सायबेरियात नेले. सुमारे पंधरा लाख वाघिणी भरून. बॉम्ब पडत असताना. उलट दिशेने त्याच वेळी सैन्य चाललेलं. ही शिस्त आभाळातून पडली नव्हती. हिटलर मॉस्कोत घुसला असता तर आज आपण कुठल्या कलमात "होऊ शकलं असतं" लिहिलंय यावर चर्चा करत बसलो नसतो.

सायडिंग

@लाल_कंदील, १९४१ चं स्थलांतर हा पराक्रम होता, शंकाच नाही. पण तो कोणी केला? त्याच ड्रायव्हर-फायरमन-सांधेवाल्यांनी. कोर्टाच्या भीतीने माणूस कामावर येईल, वाघीण वेळेत भरेल. झिजलेला अॅक्सल त्या भीतीने थंड होत नाही.

तुमच्या ६२,००० चंच घ्या. १९३० च्या शेवटी कोर्टं आली, १९३१ ला गोळीपर्यंतचं कलम आलं. चार वर्षं ही यंत्रणा चालल्यावर १९३४ चा हा आकडा आहे. मग कोर्टांनी नेमकं काय सुधारलं?

अपघात वाढण्याचं एक मोठं कारण स्टालिननेच २३ जून १९३१ च्या भाषणात उघड सांगितलं. त्याआधी रेल्वेत अशी पद्धत आणली होती की इंजिन कुठल्याच ठरावीक ड्रायव्हरच्या नावावर नाही. जो पाळीला येईल त्याने जे उभं असेल ते न्यायचं. हेतू असा की इंजिन चोवीस तास पळावं. झालं असं की कोणीच त्याला आपलं म्हणेना. बेअरिंग घासतंय, पुढचा बघेल. गळतंय, पुढचा बघेल. शेवटी ही पद्धत मोडून ठरावीक जोड्यांना ठरावीक इंजिन देणं पुन्हा सुरू झालं, आणि त्याने फरक पडला. पद्धत वरून आली, वरूनच गेली. मधल्या काळात बेअरिंग जळून गाडी अडली तर तिच्यावरच्या ड्रायव्हरला पकडायला नवं कोर्ट आणि नवं कलम तयार होतं.

वाचनवेडी

फार रोचक चाललंय. मला एक समजून घ्यायचं आहे. "वरच्यांना हे कोर्टही मिळालं नाही" म्हणजे काय? मॉस्कोच्या खटल्यांत रेल्वेचे लोक होतेच ना?

सायडिंग

होते, आणि तिथेच सगळं उघडं पडतं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं १९२९ चं, लाइन कोर्टांच्या आधीचं. निकोलाय फॉन मेक हा झारच्या काळापासूनचा मोठा रेल्वेतज्ज्ञ. चायकोव्हस्कीला वर्षानुवर्षं पैसे पुरवणाऱ्या नादेझ्दा फॉन मेक बाईंचा मुलगा. क्रांतीनंतरही देशात राहिला, रेल्वे खात्याला सल्ला देत राहिला. वाहतुकीत घातपात केल्याच्या आरोपावरून त्याला गोळी घातली. शिक्षा कोर्टाने दिली नाही, गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या मंडळाने दिली.

दुसरं जानेवारी १९३७ चं. मॉस्कोच्या तीनांतल्या दुसऱ्या, प्याताकोव्ह-रादेक खटल्यात सतरा आरोपी. त्यांत लिवशित्स, जो कागानोविचचा उपमंत्री, आणि क्न्याझेव, जो दक्षिण उरल रेल्वेचा प्रमुख होता. क्न्याझेववरचा सर्वांत मोठा आरोप शुमिखा स्टेशनातल्या अपघाताचा: २७ ऑक्टोबर १९३५, लष्करी गाडी चुकीच्या लाइनीत गेली, लाल सैन्यातले २९ जवान ठार, २९ जखमी. @रिटायर्ड_केबिन यांनी वर जे वर्णन केलंय तशाच जातीचा अपघात. पण १९३७ मध्ये त्याचा जपानी हेरखात्याच्या हुकमाने केलेला घातपात झाला. खटला सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळापुढे, उल्रिख अध्यक्ष, विशिन्स्की अभियोक्ता. तेरा जणांना गोळी, त्यांत हे दोघे. पुढे कित्येक वर्षांनी हे सगळं बनावट होतं हे सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलं.

तिसरं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी माहीत असलेलं. मंचुरियातून जाणारी चिनी पूर्व रेल्वे सोव्हिएत सरकारने मार्च १९३५ मध्ये जपानच्या ताब्यातल्या मंचुकुओला विकली. तिथले हजारो रशियन रेल्वेवाले बायकामुलांसह मायदेशी परत आले. सरकारनेच बोलावलं होतं. २० सप्टेंबर १९३७ ला गुप्त पोलिसांचा ००५९३ क्रमांकाचा हुकूम निघाला: मंचुरियातल्या हार्बिनहून आलेले हे लोक, नोंद झालेले पंचवीस हजारांपर्यंत, त्यांतले बहुतेक जपानी हेर आहेत असं धरून चाला. याद्या करायच्या, दोन अधिकाऱ्यांनी सह्या करायच्या, विषय संपला. ड्रायव्हर, तारमास्तर, कारकून, सगळे त्यात. हार्बिनहून आलेल्या साध्या फायरमनलाही मग लाइन कोर्ट लाभलं नाही.

म्हणून म्हटलं, त्या वर्षांत लाइन कोर्टात उभं राहणं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती. निदान नाव पुकारलं जायचं, अपील करता यायचं. तेही सप्टेंबर १९३७ पासून घातपाताच्या कलमांत नाही. आरोपपत्र खटल्याच्या एक दिवस आधी हातात, आणि अपिलाची वाट बंद.

उलटतपासणी

यात एक भर. लाइन कोर्टांकडे फक्त अपघात आणि चोऱ्या नव्हत्या. सोव्हिएतविरोधी बोलण्याचं कलम, ५८ वं, त्याचं दहावं पोटकलम, तेही रेल्वेवाल्यांच्या बाबतीत या कोर्टांत चालायचं. म्हणजे लोको शेडमध्ये चहा पिताना कोणी म्हणालं की रेशन कमी पडतंय, तरी प्रकरण तिथेच.

त्यामुळे "त्यातल्या त्यात बरं" हे मला जरा जास्तच उदार वाटतं. कोर्ट नावाला तरी होतं म्हणून त्याचं कौतुक करायचं असेल, तर त्या कोर्टातून निर्दोष सुटणं किती सोपं होतं तेही विचारावं लागेल. न्यायाधीशाने सोडलं की त्याच्यावर ढिलेपणाचा शिक्का, आणि १९३७ मध्ये ढिलेपणा ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

फलाट_क्र_सहा

अवांतर: हे सगळं चालू असताना रेल्वेवाल्यांचे सत्कारही जोरात होते. स्लाव्हियान्स्क डेपोचा ड्रायव्हर प्योत्र क्रिव्होनोस, १९३५ मध्ये मालगाडी ठरलेल्या वेगाच्या दुपटीच्या आसपास पळवून दाखवली, त्याच्या नावाने देशभर चळवळ, लेनिन पदक. स्टालिनने ३० जुलै १९३५ ला रेल्वेवाल्यांना क्रेमलिनमध्ये बोलावलं, त्याची आठवण म्हणून पुढच्या वर्षीपासून रेल्वे दिन. तो अजून साजरा होतो, हल्ली ऑगस्टच्या पहिल्या रविवारी.

एका ड्रायव्हरने वेग दुप्पट केला तर पदक. दुसऱ्याने त्याचं बघून केला आणि डबे जोडणारं कपलिंग तुटलं तर लाइन कोर्ट.

रिटायर्ड_केबिन

@फलाट, +१. आणि वेग वाढवू नका, रूळ घेणार नाहीत, असं जे इंजिनिअर सांगत होते त्यांना कागानोविचने 'मर्यादावाले' असं नाव पाडून शत्रूच ठरवलं, हे मी वाचलंय. रुळाला मर्यादा असते हो. ती कोणी पाडलेली नसते, पोलादाची असते.

लाल_कंदील

कपलिंगचंच म्हणाल तर स्वयंचलित कपलिंग त्याच काळात बसवायला घेतलं. तेही सांगा. सगळं कोर्टानेच चाललं होतं असं नाही.

सायडिंग

मान्य. स्वयंचलित कपलिंग, चांगले ब्रेक, जड इंजिनं हे १९३५ नंतर येत गेलं आणि माझ्या मते अपघात कमी व्हायला मुख्यतः तेच कारण. मी म्हणतोय त्यात आणि तुम्ही म्हणताय त्यात इथे भांडण नाहीच.

युद्धाचा भाग राहिला, तो लिहितो. १५ एप्रिल १९४३ ला सगळ्या रेल्वेवर लष्करी कायदा आला. युद्ध संपेपर्यंत प्रत्येक रेल्वे कामगार सैन्यात भरती झाल्यासारखा. नोकरी सोडता येणार नाही, आणि कामातला गुन्हा म्हणजे सैनिकाचा गुन्हा. लाइन कोर्टांची त्याच झटक्यात लष्करी न्यायाधिकरणं झाली. ९ मे ला समुद्री आणि नदीवरच्या जहाजांनाही तेच लागू. गंभीर गुन्ह्याला आघाडीवरच्या शिक्षा-तुकडीत रवानगी होऊ शकत होती. सप्टेंबरात खांद्यावर पट्ट्या आणि हुद्दे आले. बरेच पुरुष आघाडीवर गेल्यामुळे पॉइंटवर, इंजिनावर बायका होत्या. हा कायदा त्यांनाही तसाच.

तारीख बघा मात्र. मॉस्को वाचलं होतं, स्टालिनग्राड जिंकलं होतं. @लाल_कंदील यांनी सांगितलेलं १९४१ चं स्थलांतर या लष्करी कायद्याच्या दीड वर्ष आधी झालं.

वाचनवेडी

आणि युद्धानंतर? ही कोर्टं बंद कशी पडली?

उलटतपासणी

एका दिवसात नाही पडली. १९४८ मध्ये लष्करी न्यायाधिकरणांची पुन्हा लाइन कोर्टं झाली. तेव्हा त्यांचं मोठं काम मालाच्या चोरीचं. ४ जून १९४७ च्या हुकमाने १९३२ चा कायदा बदलला होता: सरकारी मालाची पहिली चोरी सात ते दहा वर्षं, पुन्हा केली तर दहा ते पंचवीस. १९४६-४७ च्या दुष्काळानंतरचे ते दिवस. वाघिणीतून धान्य आणि कोळसा उचलणारे लोक कोण असतील ते वेगळं सांगायला नको.

स्टालिन गेल्यावर एकेक वीट निघत गेली. गुप्त पोलिसांचं खास शिक्षा मंडळ सप्टेंबर १९५३ मध्ये बरखास्त. छावण्यांमध्ये कैद्यांसाठी वेगळी कोर्टं होती, ती १९५४ मध्ये. २५ एप्रिल १९५६ ला कामावर गैरहजर राहणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. १९४० पासून वीस मिनिटांहून जास्त उशीर झाला तरी खटला होत असे. आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये वाहतूक न्यायालयं रद्द झाली. त्यांच्याकडचे खटले साध्या कोर्टांकडे गेले.

कलमं मात्र राहिली, फक्त माणसात आली. अपघाताला ड्रायव्हर किंवा कप्तान जबाबदार धरणं थांबलं नाही. ३१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्कजवळ, 'अॅडमिरल नाखिमोव्ह' या प्रवासी जहाजाला मालवाहू जहाज धडकलं, ४२३ माणसं गेली. दोन्ही कप्तानांना प्रत्येकी पंधरा वर्षं. खटला ओडेसात चालला, सर्वोच्च न्यायालयाचं सत्र, वकील होते, साक्षीपुरावे झाले. १९९२ मध्ये दोघे सुटले.

लाल_कंदील

४२३ माणसं मेल्यावर कप्तानाला शिक्षा होणार नाही तर काय होणार? हे लाइन कोर्टांच्या पंगतीत का बसवताय?

उलटतपासणी

पंगतीत बसवत नाहीये. तोच गुन्हा १९३७ मध्ये घडता तर आरोपपत्रात जपान किंवा जर्मनी आलं असतं, आणि बंदरखात्याचे पाच-सहा लोकही सोबत गेले असते. १९८७ मध्ये दोघांना कामातल्या हलगर्जीपणाची शिक्षा झाली. तेवढाच फरक दाखवायचा होता.

बाकी वाहतुकीसाठी वेगळा अभियोक्ता रशियात आजही आहे. रेल्वे, विमानं, बोटी, जकात यांची प्रकरणं तोच बघतो. फक्त निकाल साधं कोर्ट देतं.

रिटायर्ड_केबिन

शुमिखाच्या त्या रात्री पॉइंटवर जो कोणी होता त्याचं पुढे काय झालं, यावर कोणी वेगळा धागा काढणार असेल तर मला टॅग करा. स्टेशनाच्या यार्डाचा नकाशा मिळाला तर गाडी कुठल्या लाइनीत कशी गेली असेल ते मी काढून देतो.